साका

सुकदेवने दोराला तिसरा हिसका दिला आणि खाली हौदात अभिमन ओरडला. दोर त्याच्या काखेखालून बांधलेला होता आणि वरून चौघेजण ओढत होते. अभिमन छातीपासून वर ताणला जायचा, पण मांड्यांपासून खाली जागचा हलत नव्हता. पांढऱ्या साक्याने त्याला धरून ठेवलं होतं.

धुळ्याबाहेरच्या मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यातला हा चौथा हौद. स्टार्चचं पाणी त्यात निवळत ठेवतात. वरचं पाणी सोडून दिलं की तळाला कंबरभर साका उरतो, दिसायला दह्यासारखा. त्यावरून माणूस भरभर चालला तर पायाखाली फरशी लागते. उभा राहिला तर फरशीचं लोणी होतं. तळाची तोटी तुंबली होती, म्हणून अभिमन सकाळी गज घेऊन उतरला. तोटी खोदता खोदता एका जागी उभा राहिला आणि इंचाइंचाने आत गेला. त्याच्या लक्षात आलं तोवर गमबूट दिसेनासे झाले होते.

"चेन ब्लॉक आण," सुकदेव अमृतला म्हणाला. अमृत कारखान्याचा फिटर. "त्याच्या कमरेच्या पट्ट्यात हूक अडकव. साखळीने वर येईल."

"नाना, कंबर निखळेल त्याची."

"मग काय, संध्याकाळपर्यंत आरती करायची त्याची?"

सुकदेव पाटील, शिफ्टचा पर्यवेक्षक. सगळे त्याला नाना म्हणत. सव्वीस वर्षं याच कारखान्यात काढली होती आणि निवृत्तीला चौदा महिने उरले होते. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. जेवायला बसला की देवपूरच्या घरात त्याची बायको प्रमिलाबाई दुसरी भाकरी तव्यावर टाकेपर्यंत याचा हात धुऊन व्हायचा. कारखान्याच्या फाटकावर 'अति घाई संकटात नेई' असं लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. त्या अक्षरांखालून तो सव्वीस वर्षं मोटरसायकलवरून सुसाट आत येत होता.

आणि साका कसा वागतो हे कारखान्यात त्याच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, यातच सगळी गंमत आहे. देवपूरच्या कॉलेजची पोरं कारखाना बघायला आली की तो बादलीभर साका मागवायचा. त्यावर बुक्की मारायचा, ठण्‌ आवाज यायचा. मग त्याच हाताचं एक बोट अलगद टेकवायचा आणि ते बुडापर्यंत जायचं. एका प्राध्यापकाने त्याला सांगितलं होतं, पाण्याला, तेलाला न्यूटनचा नियम लागू पडतो, याला पडत नाही. जितका जोर लावाल तितकं हे घट्ट होतं. तेव्हापासून सुकदेव प्रत्येक पाहुण्याला ऐकवायचा, "आपल्या हौदात न्यूटन चालत नाही." पोरं हसायची. आज हौदात जिवंत माणूस होता आणि नाना बुक्कीवर बुक्की मारत होते. कळतं पण वळत नाही म्हणतात ते असं.

अमृत साखळी घेऊन आला तेवढ्यात हौदाच्या काठाशी कुंदाबाई येऊन उभी राहिली. ती कँटीनमध्ये चहा करायची. ओरडणं ऐकून किटली हातात घेऊनच धावली होती. अभिमन तिचा जावई, तिच्या रूपाचा नवरा.

"वढू नका, नाना," ती म्हणाली. "जितलं वढशात, तितलं ते धरी."

"कुंदाबाई, तुम्ही बाजूला व्हा."

"चीक बी असाच शे. मूठ मारी त दगड, बोट सोडं त लोनी. वढू नका."

दोर धरलेल्या चौघांनी सुकदेवकडे पाहिलं. त्यांच्या आयांनी, बायकांनी दर उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढला होता. पण त्या चिकात यांनी कधी हात घातला नव्हता, नुसत्या कुरडया खाल्ल्या होत्या. सुकदेवच्या हातातला दोर सैल झाला. आपल्याला हे माहीत होतं, असं त्याला म्हणावंसं वाटलं. ते म्हणण्यासारखं नव्हतं, म्हणून त्याने दोर खाली ठेवला.

कुंदाबाईने आधी पदर डोक्यावर घेतला. जावयाशी बोलायचं म्हणजे पदर हवा, मग तो मांडीपर्यंत रुतलेला का असेना.

"जवाईबापू," ती वाकून म्हणाली, "घाबरू नका. पाय ढिला सोडा, झोपेल मानूसना गत. आते एकच पाय. हयूहयू हालाडा. घाई करू नका, कोनी मांगे लागेल नई."

तिने अमृतकडून पाण्याची नळी मागून घेतली आणि अभिमनच्या पायाशी अगदी बारीक धार सोडायला लावली. दहा मिनिटं काहीच झालं नाही. सुकदेव तीनदा घड्याळाकडे पाहून आला. मग अभिमनचा डावा गुडघा वर आला, बुटासकट. उजव्याला आणखी तेवढाच वेळ लागला. तो आला तेव्हा नुसतं पाऊल होतं. गमबूट खालीच राहिला. शिडीवरून त्याला वर घेतलं, तेव्हा पहिल्या हिसक्यांनी मुरगळलेला उजवा गुडघा खरबुजाएवढा सुजला होता.

कुंदाबाईने त्याला किटलीतला चहा दिला. तो गार झाला होता.

---

त्या दिवशी दुपारी सुकदेवने कागद तयार केला.

हौदात माणूस उतरवायचा तर परवाना लागतो. त्यावर वेळ, नाव, वर उभ्या राहणाऱ्या दोन माणसांच्या सह्या, पट्टा बांधल्याची खूण, असं सगळं भरावं लागतं. सुकदेव हे परवाने शनिवारी एकगठ्ठा भरायचा, आठवडाभराचे. सगळेच तसं करायचे. त्या सकाळी अभिमनने परवान्याचं विचारलंही होतं. सुकदेव फोनवर होता, त्याने फोनवर हात ठेवून सांगितलं होतं, "परवाना मागून करू, तू उतर."

आता उद्या दुपारी बाराला नाशिकहून सुरक्षा अधिकारी येणार होते. त्यांच्यापुढे अभिमनचा जबाब हवा होता. सुकदेवने आदेश दिला असं त्यात आलं, तर चौदा महिने राहिले बाजूला, सव्वीस वर्षांवर पाणी पडणार होतं. अभिमन आपल्या मनाने उतरला असं आलं, तर ज्याच्याकडून तो कामाला होता तो ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवसापासून फाटकाच्या आत घेणार नव्हता. दोघांपैकी एकाचं काम जाणार, हे सुकदेवला स्वच्छ दिसत होतं. अभिमन एकतीस वर्षांचा होता, त्याला दुसरीकडे कुठेही काम मिळेल, असं सुकदेवने मनाशी चारदा म्हणून पाहिलं. कागद मात्र त्याने एका बैठकीत लिहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तो पांझरेकाठच्या गावात कुंदाबाईच्या दारात मोटरसायकल लावत होता. अंगणात चूल पेटलेली होती. तीन दिवस भिजवलेले गहू काल वाटून झाले होते, चीक रात्रभर निवळला होता. जावयाचा पाय सुजला म्हणून तो काही थांबणार नव्हता. मोठ्या पातेल्यात रूपा चीक घाटत होती. खाटेवर अभिमन पाय लांब करून बसला होता, गुडघ्याला हळदीचा लेप.

"या, नाना," कुंदाबाई म्हणाली. ती परातीपुढे बसून खालचा चीक काढत होती. "बसा."

"बसत नाही. बाराच्या आत जायचंय. एक सही हवी अभिमनची, बस्स."

अभिमनने मान हलवली. सुकदेवने कागद खाटेवर ठेवला, त्यावर पेन ठेवलं. रस्ताभर तो तयारी करत आला होता. अभिमन चिडला तर काय बोलायचं, रडला तर काय, पैसे मागितले तर काय. अभिमनने काहीच केलं नाही. त्याने पेन उचललं आणि टोपण काढलं.

"कोठे करू, नाना?"

"इथे, खाली. आणि इथे तारीख."

"काय शे त्या कागदमा?" कुंदाबाईने विचारलं.

"काही नाही हो, नेहमीचंच. अपघाताचा जबाब असतो." आणि सुकदेवने तो एका दमात वाचला, देवळातला पुजारी संकल्प सांगतो तसा, की कुठे शब्द संपला आणि कुठे सुरू झाला ते देवालाच कळावं.

"माले काही समजनं नई," कुंदाबाई म्हणाली. तिच्या आवाजात आडकाठी नव्हती. "माले वाचता येत नई, नाना. जवाईनी सही कोठे पडी ऱ्हायनी, ते माले बी समजाले पाहिजे. हयूहयू वाचा जरा."

सुकदेवने घड्याळाकडे पाहिलं. मग तो खाटेच्या कडेला टेकला.

"मी," त्याने वाचलं, "अभिमन... राहणार अमुक... चौथ्या हौदात..."

"हां."

"पर्यवेक्षकांनी... मनाई केली असतानाही..."

तो थांबला.

"मनाई म्हंजे?" कुंदाबाईने विचारलं.

"मनाई म्हणजे... उतरू नको, असं सांगणं."

"कोनी सांगं व्हतं, उतरू नको म्हनीसन?"

अभिमन पेनाचं टोपण लावत होता आणि काढत होता. कुंदाबाईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिला खरोखरच कळत नव्हतं.

"पन जवाई त काल सांगेत," ती म्हणाली, "की शिडीवरथून पाय घसरना. तवय नाना तठे नव्हतातच म्हने. रूपाले बी तेच सांगं, माले बी तेच."

"बाई, चीक दखा," अभिमन घाईने म्हणाला. "खाले लागी."

रूपाचं उलथनं थांबलं नव्हतं, चीक लागत नव्हता.

सुकदेव कागदाकडे पाहत राहिला. काल त्याने कागद लिहून काढला तेव्हा हा शब्द त्याला कुठेच अडला नव्हता. आता तो त्यावरून पुढे सरकेना. या पोराला कोणी सांगितलं नव्हतं, धमकावलं नव्हतं, हात जोडले नव्हते. गुडघा सुजलेला असताना घरी येऊन त्याने आपल्या बायकोशी, सासूशी खोटं बोलून नानाला बाजूला काढून ठेवलं होतं. सुकदेवला लाज वाटली. ती एकदम वाटली नाही. बूड न लागणाऱ्या जागी पाय पडावा तशी ती आत आत उतरत गेली, आणि त्याने कधी नव्हे ते तिला उतरू दिलं.

पातेल्यातला चीक आता पारदर्शक होत आला होता. कुंदाबाई परातीकडे वळली. तिने तळाला बसलेल्या चिकात चार बोटं टेकवली आणि वाट पाहिली. बोटं आपोआप आत गेली. मग तिने ओंजळभर चीक सहज उचलून पातेल्यात सोडला.

"पेन दे," सुकदेव म्हणाला.

अभिमनने पेन दिलं. सुकदेवने कागद मांडीवर उलटा केला. मागची बाजू कोरी होती. तो लिहू लागला. त्याचं अक्षर नेहमी धावतं, शेवटच्या अक्षराला शेपूट असलेलं. आज एकेक काना सरळ येत होता. दोन ओळींना त्याला बराच वेळ लागला. खाली त्याने सही केली आणि तारीख घातली.

"काय लिखं?" कुंदाबाईने विचारलं.

त्याने वाचून दाखवलं. कोणी सांगितलं नव्हतं तरी सावकाश वाचलं.

"'परवाना मागून करू, तू उतर, असे मी अभिमन यास सांगितले. त्याने त्याआधी परवाना मागितला होता.'"

रूपाने चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं. कुंदाबाईने पदर कपाळावर पुढे घेतला.

"नाना, मन्ही सही कोठे करू?" अभिमनने विचारलं. त्याचा हात अजून पुढेच होता.

"तुझी लागत नाही."

सुकदेव उठू लागला, तर रूपाने त्याच्यापुढे वाटी धरली. गरम चीक, वर दूध आणि साखर. कुरडयांच्या दिवशी दारात आलेल्या माणसाला तो दिल्याशिवाय सोडत नाहीत. सुकदेवने घड्याळाकडे पाहिलं नाही. तो पुन्हा खाटेवर बसला आणि वाटी हातात घेतली. वाटी गरम होती, दोन्ही तळव्यांत आलटूनपालटून धरावी लागत होती.

"नाना," अभिमन थोड्या वेळाने म्हणाला, "मन्हा बूट निंघना का?"

"नाही निघाला अजून."

"उजवा शे. डावा घर शे, नुसता पडेल."

"अमृतला सांगतो," सुकदेव म्हणाला, "आज त्याला नळी लावून ठेव म्हणून. ओढू नको म्हणतो."