ठिपक्याचं ताट

आमच्या मालकांना, सहादूंना, आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, औषधाचे बारा डोस ठरले. डॉक्टरांनी मला एकच काम सांगितलं होतं, यांचं वजन उतरू द्यायचं नाही. दर डोसाआधी नगरच्या दवाखान्यात यांना काट्यावर उभं करायचे. पाचव्या खेपेला वजन तीन किलोनं कमी भरलं आणि डॉक्टरांनी डोस पुढं ढकलला.

"आठ दिवस घरी न्या, खाऊ घाला. असं चाललं तर औषध झेपायचं नाही."

मिरजगावला परत येताना माझा मुलगा नितीन बापाला म्हणाला, "आण्णा, जेवत का न्हाई तुमी?"

"भूक लागत न्हाई."

औषधानं तोंड कडू होत असेल, असं मी समजत होते. खरं कारण माझ्या हातचं होतं.

महिनाभर आधी मी पेपरात एक बातमी वाचली होती. आतड्याच्या कॅन्सरच्या रोग्यांच्या पोटात काही विषाणू जास्त सापडतात, अशी. विषाणू म्हटल्यावर मला करोना आठवला. आमच्या गल्लीतली दोन माणसं त्यात गेली होती. आणि तीन वर्षांची आमची नात, दिशा, आजोबांच्या ताटातच जेवायची. मी कुणाला न विचारता यांचं ताट आणि पेला वेगळा काढला. इतर भांड्यांत मिसळू नये म्हणून सुनेच्या, शुभांगीच्या नेलपॉलिशनं ताटाच्या बुडाला लाल ठिपका दिला. यांच्या जेवणाच्या वेळी दिशाला शेजारी खेळायला पाठवू लागले. यांना काही कळणार नाही, अशी माझी समजूत.

डोस लांबल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या भावाची मुलगी यशोधरा भेटायला आली. ती यांना मामा म्हणते आणि नगरला कॉलेजात जिवाणू-विषाणूंचाच विषय शिकवते. जेवायला बसताना तिनं मांडणीवरून नेमकं ठिपक्याचं ताट उचललं. मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं.

"ते तुझ्या मामाचं हाय. त्यात नको जेवू."

"का गं?"

हे ओसरीवर खाटेवर पडले होते. मी आवाज बारीक करून सगळं सांगितलं. ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही.

"आत्या, बातमी शेवटपर्यंत वाचली का?"

"निम्मी आतल्या पानावर हुती. ते पान शुभांगीनं डब्याखाली घातलं."

"बरं, ऐक. गाईच्या अंगावर गोचीड असतो. त्या गोचिडाच्या पोटात आणखी बारका जीव, असं समज. आपल्या सगळ्यांच्या आतड्यात जिवाणू असतात आणि हे विषाणू त्या जिवाणूंच्या आत राहतात. ते जिवाणूंना धरतात, माणसाला नाही. असले विषाणू तुझ्या पोटातही आहेत, माझ्याही."

"मग ह्यांना रोग त्यांनीच झाला का?"

"ते अजून कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्यामुळं रोग येतो, का रोग आला म्हणून ते तिथं जमतात, हे शोधतायत. पण मामांच्या ताटात जेवून कॅन्सर होत नाही. एवढं पक्कं ठाऊक आहे."

ओसरीवरून आवाज आला. "यशे, तुझ्या आत्याला ईचार, कान तुटका कप कवा आणती हाय माझ्यासाठी?"

आम्ही दोघी बाहेर गेलो. हे उठून बसले होते.

"स्टँडवरच्या हॉटेलात आमच्या लोकांचा कप बाहेर वळचणीला असायचा," ते यशोधराला म्हणाले. "आपणच धुवायचा, आपणच ठेवायचा. दीक्षा घेतली तवा बाप म्हनला, आता त्यो कप उचलायचा न्हाई. मी सात वर्साचा हुतो. तवापास्नं न्हाई उचलला. आन आता घरातच."

"ठिपका कवा दिसला तुमाला?"

"पयल्याच दिवशी. ताटात हात धुतला, पानी वताया ताट उलटं केलं."

"मग बोलला का न्हाई?"

"काय बोलू? पोरीसाठी केलं आसशील, ते बी कळत हुतं. पर कळलं म्हनून घास गिळत न्हाई."

मी आत गेले, भाकरी आणि पिठलं वाढून आणलं आणि त्यांच्याशेजारी खाटेवर बसले. एक घास मोडला, त्यांच्या ताटातच पिठल्याला लावला आणि खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी माझा हात धरला.

"भागिरथे, वजन माझं वाढवायचं हाय. तुझं न्हाई."

यशोधरा तोंडाला पदर लावून आत पळाली.

त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. "बास. उद्या बगू," म्हणाले. तेवढ्यानं त्यांच्या मनातलं गेलं असेल असं मला वाटलं नाही, आणि ते लवकर जावं म्हणून मी घाईही केली नाही. शेजारच्या अंगणात जाऊन दिशाला हाक मारली. म्हटलं, चल घरी, आण्णा जेवतायत.