कडेचं दिसेना

पहिल्यांदा चौकटीला खांदा आपटला तेव्हा आकारामला त्याचं काही वाटलं नाही. त्याची बायको अंजनाही हसली. "दार बारीक झालं का तुमी रुंद झालासा?" म्हणाली. पण मग ते रोजचंच होऊन बसलं. जेवताना हाताचा धक्का लागून तांब्या लवंडायचा. गोठ्यात म्हशीच्या शिंगाला दंड घासायचा. कोरेगावच्या बाजारात तर कोणी ना कोणी अंगावर यायचं आणि वर आकारामलाच म्हणायचं, "जरा बघून चाला की फौजीनाना."

उभी जवानी आकारामनं फौजेत ट्रक चालवला होता. लेहकडच्या रस्त्यांवर, एका बाजूला दरड आणि दुसऱ्या बाजूला खाली नदी, अशा ठिकाणी. पेन्शन घेऊन गावी आल्यावर नुसत्या उसाच्या फडात त्याचा जीव रमेना, म्हणून त्यानं एका खासगी शाळेची बस धरली. सकाळी वाड्यावस्त्यांवरची पोरं गोळा करायची, संध्याकाळी ज्याची त्याला परत सोडायची. बाया बांधावर उभ्या राहून म्हणायच्या, "फौजीनानाची गाडी हाय म्हटल्यावर काय घोर न्हाई." हे शब्द त्याला पेन्शनपेक्षा मोठे वाटायचे.

खरं भय शिरलं ते वळणावर. शाळेच्या फाट्याला बस उजवीकडं वळवत असताना समोर एकाएकी मोटरसायकल उभी. लांबून आली, जवळ आली, असं काही झालंच नाही. नव्हती, आणि होती. आकारामनं ब्रेक दाबला. मोटरसायकलवाला शिव्या देत निघून गेला. मागं पोरांचे डबे खाली पडून खणखणले.

त्या दिवशी पोरं सोडून झाल्यावर तो एकटाच रानात गेला. समोरच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावली, दोन्ही हात पुढं धरले आणि टाकीवरची नजर न हलवता हळूहळू बाजूला नेले. थोडेसेच नेले असतील, तोवर हात नाहीसे झाले. दोन्ही. बोटं हलवून बघितली. बोटं हलल्याचं हाताला कळत होतं, डोळ्याला नाही. तिथं काळोख दिसला असता तरी त्याला बरं वाटलं असतं. काळोखही नव्हता. टाकी होती, टाकीच्या अंगचा थोडा ऊस होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना जग नव्हतंच. झापडं बांधलेल्या घोड्यासारखं. फरक इतकाच की घोड्याची झापडं कोणीतरी सोडतं.

तो बांधावरच बसला.

दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तो बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात गेला. दुकानदारानं एक डोळा झाकून अक्षरं वाचायला लावली, मग दुसरा. आकारामनं अगदी खालची बारीक ओळ धडाधड वाचून दाखवली. "पोराची नजर हाय की तुमची," दुकानदार म्हणाला. "चष्मा घालून काय करणार?" घरी येईपर्यंत आकाराम खुशीत होता. घरात पाऊल टाकताना पुन्हा खांदा आपटला, आणि मग एक नवंच भय उभं राहिलं. डोळे चांगले आहेत, तर बिघडलंय काय? डोकं? आपल्याला काही लागीर झालं? का वेड लागायची ही सुरुवात? कपाळ तर हल्ली रोजच ठणकत होतं.

अंजनाला त्यानं काही सांगितलं नाही. गाडी मात्र सोडली नाही. रोज सकाळी वाटायचं, आज शाळेत जाऊन सांगावं, दुसरा माणूस बघा म्हणून. आणि रोज हात किल्लीकडं जायचा. ज्याला गाडी येत नाही असा आकाराम त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हता. मग तो गाडी हळू हाकायला लागला, आणि मान सारखी इकडून तिकडं फिरवायला लागला. पोरांना चढवायला-उतरवायला बसमध्ये दगडाबाई असायची. तिच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"नाना, मान दुखतीया का?"

"उसण भरलीया."

"शेकून घ्या मग. लय दिस झालं."

एका गुरुवारी, उन्हं उतरताना, बस एका मळ्याजवळ थांबली. तिथं राहीलची अर्फा उतरायची. राहीलचं गावात वेल्डिंगचं दुकान, ही त्याची एकुलती पोरगी, दुसरीत शिकणारी. दगडाबाई तिला हाताला धरून खाली उतरली. आकारामनं आरसा बघितला, समोर बघितलं. रस्ता मोकळा. डावीकडं दार, दारात कोणी नाही. त्याला वाटलं दगडाबाई चढली. त्यानं गिअर टाकला आणि क्लच सोडला.

दगडाबाईची किंकाळी त्यानं ऐकली आणि पाय ब्रेकवर गेला. तो पाय त्याचा नव्हता, फौजेतला होता. बस जागच्या जागी हिसका देऊन थांबली.

अर्फाची पाण्याची बाटली घरंगळत बसच्या पुढं गेली होती आणि ती उचलायला पोरगी वाकली होती. बंपरनं तिच्या दप्तराला ढकललं होतं आणि ती गुडघ्यांवर पडली होती. डावं चाक तिच्यापासून वीतभर लांब होतं. दगडाबाईनं तिला ओढून छातीशी धरलं तेव्हा पोरगी रडतही नव्हती, नुसती बघत होती. आकाराम खाली उतरला, ते चाक त्यानं बघितलं आणि तो पुन्हा गाडीत चढला.

मग त्यानं इंजिन बंद केलं. किल्ली काढली आणि खाली येऊन दगडाबाईच्या हातात दिली.

"शाळेत फोन कर. दुसरा डायवर धाडा म्हणावं. मी आता चालवत न्हाई."

"आवं नाना, पोरगी धड हाय. गुडघं खरचटल्यात नुसतं."

"मला ती दिसलीच न्हाई, दगडाबाई. तूबी दिसली न्हाईस."

माणसं जमायला वेळ लागला नाही. कुणी मळ्यातून आलं, कुणी मोटरसायकल थांबवून उतरलं. कुणीतरी म्हणालं, प्यायला असंल. एकानं अगदी तोंडाजवळ नाक आणून वास घेतला. आकाराम काय बोलणार? समोरचं सगळं दिसतं आणि कडेचं काही दिसत नाही, हे कुणाला पटेल? त्याचं त्यालाच पटत नव्हतं.

बातमी कळताच राहील दुकानातून धावत आला. पोरीला चाचपून बघितलं, दगडाबाईकडं दिलं आणि वळला. आकाराम बसला टेकून समोर बघत उभा होता. राहील त्याच्या उजव्या बाजूनं गेला आणि कानफटात मारायला त्यानं हात उगारला. अगदी कानाजवळ.

आकारामची पापणीही हलली नाही. मान वळली नाही, खांदा आकसला नाही. तो समोर बघत राहिला, शेजारी कोणी नसल्यासारखा.

राहीलचा हात वरच थांबला. त्यानं तो हवेत हलवला. मग खाली घेतला आणि आकारामच्या खांद्यावर ठेवला. तेव्हा कुठं आकाराम दचकून गर्रकन वळला.

"नाना," राहील म्हणाला, आवाज एकदम उतरला होता, "माझा हात तुमास्नी दिसला न्हाई?"

"कुठला हात?"

राहील वळला. मग जमलेल्यांना म्हणाला, "दारूचं न्हाई हे. ह्यांच्या डोळ्यांचं काय तरी झालंय. व्हा बाजूला."

दुसऱ्या दिवशी राहीलनंच त्याला आणि अंजनाला साताऱ्याला नेलं. गाडीत अंजनानं फक्त एकदा विचारलं, "कवापासनं हाय हे?" मग तिनंच तोंड फिरवून पदर डोळ्यांना लावला.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, अंकिता नावाच्या. त्यांनीही आधी अक्षरंच वाचायला लावली. आकारामनं सगळी वाचली. त्याला वाटलं, आता ह्याही म्हणणार की नजर पोराची आहे. पण बाई समोर येऊन बसल्या. "एक डोळा झाका काका, आणि माझ्या नाकाकडंच बघा. बोटं हलली की सांगा." त्यांनी दोन्ही हात बाजूला धरले. आकाराम वाट बघत राहिला. हात आत, आणखी आत आले, तेव्हा कुठं बोटं दिसली. मागं उभ्या असलेल्या अंजनाला सगळं दिसत होतं. बोटं केव्हाची हलत होती.

मग त्याला एका यंत्रापुढं बसवलं. मोठ्या पांढऱ्या वाटीपुढं हनुवटी टेकवायची, मध्ये बघत राहायचं आणि ठिपका चमकला की बटण दाबायचं. बराच वेळ काही चमकलंच नाही तेव्हा त्याला वाटलं, यंत्र बंद पडलंय. त्यानं तसं सांगितलंही. बाजूच्या मुलीनं हळूच म्हटलं, "चालू आहे काका. तुम्ही बघत राहा."

त्यानं बटण मुठीत घट्ट धरलं आणि वाटीत डोळे ताणले.

कागद आला तेव्हा त्यावर दोन गोल होते. डाव्या डोळ्याच्या गोलाचा डावा भाग काळा, उजव्याच्या गोलाचा उजवा. जणू शाईचा बोळा फिरवलेला.

"नजर अधू होते ती एका तऱ्हेची नसते," बाई सांगू लागल्या. "कुणाचं लांबचं धूसर होतं, कुणाला मधलंच दिसेनासं होतं, कुणाला रात्रीचं. प्रत्येकाचं ठिकाण वेगळं. तुमच्या दोन्ही डोळ्यांची बाहेरची अर्धी बाजू गेलीय. म्हणजे दोष डोळ्यात नाही. डोळ्यांच्या मागं दोन्ही नसा एकमेकींना जिथं भेटतात, तिथं काहीतरी दाबतंय." त्या थांबल्या. आकारामचा हात हातात घेऊन त्यांनी बोटं बघितली. "अंगठी घालत होता का?"

"कापून काढावी लागली," अंजना म्हणाली. "आन् चपला बी. दरसाली मोठ्या घ्याव्या लागत्यात. मला वाटायचं पाय सुजत्यात."

"सूज नाही ती. डोक्यात, बरोबर त्याच जागी, एक छोटी ग्रंथी असते. ती वाढली की हातपायही वाढतात. एमआरआय करून घ्या, उद्याच. थांबू नका."

"वेड न्हाई नव्हं हे?" आकारामनं विचारलं.

"नाही काका. वेड नाही, बाहेरचंही काही नाही. गाठ असावी."



गाठच निघाली. कॅन्सरची नव्हे, असं सगळ्यांनी सांगितलं, पण आकारामच्या कानात गाठ एवढंच शिरलं. सांगलीच्या एका दवाखान्यात मोठे डॉक्टर होते, नाकातून यंत्र घालून गाठ काढणारे. त्यांनी साफ सांगितलं. थांबलात तर पुढं मधलंही जाईल. केलं तर दाब निघेल, पण जेवढं गेलंय त्यातलं किती परत येईल ते सांगता येणार नाही. आणि नसेला धक्का बसला तर आहे तेही जाऊ शकतं, तसं क्वचितच होतं.

ऑपरेशनच्या सकाळपर्यंत आकाराम त्या 'क्वचित' वर अडकून पडला होता. बर्फातल्या रस्त्यांवर त्याला असं भय कधी वाटलं नव्हतं. तिथं स्टिअरिंग आपल्या हातात असायचं. इथं हात रिकामे होते. स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा तो अंजनाकडं टक लावून बघत राहिला.

"असं काय बघताय?" ती म्हणाली.

"बघून ठेवतोय."

"गप बसा," ती म्हणाली, आणि तिचं तोंड थरथरायला लागलं तशी ती बाजूला सरली. बाजूला सरली आणि त्याला दिसेनाशी झाली. "अंजे, म्होरं ये," तो घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला. "म्होरं उभी ऱ्हा." दार बंद होईपर्यंत ती त्याच्या पायाशी, अगदी समोर, मागं मागं चालत गेली.

शुद्ध आली तेव्हा नाकात बोळे होते, घसा कोरडा पडला होता. डोळ्यांना पट्टी नव्हती, तरी त्यानं डोळे उघडले नाहीत. उघडले आणि काहीच दिसलं नाही तर? नर्सनं दोनदा हाक मारली. मग भीत भीत त्यानं पापण्या वर केल्या. वर पंखा होता. पंख्याकडंच बघत तो निपचित पडून राहिला. बऱ्याच वेळानं त्याच्या ध्यानात आलं की उजव्या बाजूच्या खाटेवरचा म्हातारा खिचडी खातोय. चमचा वर जातोय, खाली येतोय. आणि आपण मान वळवलेली नाही. तो मोठ्यानं काहीतरी बोलायला गेला, पण घशातून नुसता घोगरा आवाज निघाला. अंजना धावत आली. तिला वाटलं, काही बिघडलं.

उजवीकडचं पुढच्या काही महिन्यांत बरंचसं परत आलं. डावीकडचं थोडंच आलं. अंकिताबाईंनी पुन्हा त्या वाटीपुढं बसवून कागद काढला आणि म्हणाल्या, "चालाफिरायला, शेतात जायला हरकत नाही. पण बस नाही काका."

"ते मला म्हाईत हाय," आकाराम म्हणाला. लायसन त्यानं आधीच अंजनाजवळ देऊन ठेवलं होतं.

राहील मात्र येत राहिला. एकदा अर्फाला घेऊन आला. पोरगी बापाच्या मागं लपली आणि शेवटपर्यंत पुढं आली नाही. आकारामनं तिला बोलावलं नाही. ती त्याला भ्याली होती आणि तिचं भिणं खरं होतं.

दर वर्षी सांगलीला जाऊन डोकं तपासून घ्यावं लागतं. गाठ पुन्हा वाढू शकते, असं डॉक्टरांनी सांगितलंय. एसटी तासगावच्या द्राक्षमळ्यांतून जायला लागली की आकाराम तळहात सारखे मांडीवर पुसत राहतो. अंजना त्याच्या डाव्या बाजूला बसते. तिकडचं त्याला अजून कमीच दिसतं.