क्रम आणि अंतर

पडद्यावर एक, दोन, तीन, चार असे आकडे उमटले आणि तिने ते पुन्हा वरपासून वाचले.

पक्षाघातातून उठलेल्या रुग्णांना व्यायामासाठी दर आठवड्याला बोलवावं की महिन्यातून एकदा पुरे, हे रुग्णालयाने संख्याशास्त्रज्ञ म्हणून तिने केलेल्या गणितावर ठरवलं होतं. फरक नाही, असं तिने लिहून दिलं आणि व्यायाम विभागाने महिन्यातून एकदाचं वेळापत्रक सुरूही केलं. आज अहवालाला एक तक्ता जोडायचा म्हणून तिने मॉडेलच्या सहसंबंधाच्या रचनेतून, म्हणजे एकाच रुग्णाच्या भेटी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत हे सांगणाऱ्या भागातून, काळाचा स्तंभ बाहेर काढला. तिथे आठवडे यायला हवे होते. आला नुसता भेटींचा क्रम. 'आठवडा' हा स्तंभ तिने रचनेला दिलाच नव्हता, आणि तो दिला नाही की सॉफ्टवेअर हूं की चूं न करता ओळी मोजत सुटतं. आठवड्याने आलेला आणि महिन्याने उगवलेला, दोघे त्याच्या लेखी सारखेच. हजेरीच्या नंबरालाच वय समजावं, तसं.

तिने स्तंभ जोडून मॉडेल पुन्हा चालवलं. फरक होता. चांगला ठसठशीत: दर आठवड्याला येणारे जास्त सावरत होते.

पक्षाघातातून उठलेल्या तिच्या आत्याचाही व्यायाम महिन्यावर गेला होता. "दर आठवड्याची यातायात कशाला? मीच तपासलंय," असं तिनेच आत्याला छातीठोकपणे सांगितलं होतं. परवा आत्याच्या हातून कप निसटला, तेव्हा आत्या हसली होती, "हात माझा, पण ऐकतो शेजाऱ्याचं!"

तीही हसली होती.

एकदा दिलेला अहवाल कोण पुन्हा उघडतं? कुणीच नाही. तरी ती उठली आणि जिना उतरून व्यायाम विभागाच्या प्रमुख बाईंसमोर उभी राहिली.

"मॅडम, महिन्याचं वेळापत्रक थांबवा. गणित चुकलंय."

"हे आता सांगतेस? कम्प्युटर चुकला का?"

आयती पळवाट होती. 'हो' जिभेवर आलंही.

"नाही. त्याने मी सांगितलं तेवढंच केलं. मीच अर्धवट सांगितलं."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सगळ्यांना फोन करायचे म्हणजे... लोक शिव्या घालतील."

"पहिला फोन मी करते, माझ्या आत्याला."

आत्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "एवढंच ना? चुकतं माणूस. येईन की पुन्हा दर आठवड्याला." मग तिने विचारलं, "पण मधले गेले ते आठवडे? ते धरायचे का गं हिशेबात?"

"धरायचे, आत्या," ती म्हणाली. "तेच धरायचे राहिले होते."