धुरपताबाईचं मागचं चाक

माणूस सायकल घ्यायला गेला की रंग बघतो, घंटी वाजवून बघतो, फार तर टायर दाबून बघतो. धुरपताबाईनं वर्ध्यात लहानूजींच्या दुकानासमोर यातलं काहीच केलं नाही. तिनं आधी रस्त्यावर कोणी ओळखीचं आहे का ते पाहिलं. एवढ्या अंगाची बाई सायकलच्या दुकानात शिरते म्हणजे हसणाऱ्यांना आयतंच निमित्त.

धुरपता पहिल्यापासून अंगानं भरलेली. लेकीचं असं अंग बघून आईला बरं वाटायचं. लग्नानंतर तेच अंग नवऱ्याच्या डोळ्यांत खुपायला लागलं. "तुह्यासंगं जत्रेत चालाची मले लाज वाट्टे," असं म्हणून त्यानं दुसरी केली, आणि धुरपता भावाकडे आली. रामाजीदादा जीव लावणारा होता. भावजय कांताही वाईट नव्हती, पण घर तिचं होतं, आणि एका घरात दोघींचा संसार मांडता येत नाही. धुरपता सहा वर्षं कोपऱ्यातल्या पाहुणीसारखी राहिली. मग मागच्या साली सगळ्या वस्तीनं नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या गर्दीतून परतताना तिच्या मनानं घेतलं, की आता कोणाच्या आधारानं पडून राहायचं नाही. सातवी झालेली होती. ग्रामसेविकेच्या ट्रेनिंगला नाव घातलं आणि निवड झाली.

ग्रामसेविका म्हणजे चार-पाच गावं फिरून बायांना बाळाची निगा, बिनधुराची चूल, परसातला भाजीपाला असलं शिकवणारी सरकारी बाई. धुरपता सगळ्यात पास झाली. सायकलनं मात्र नाकी नऊ आणले. ट्रेनिंग वर्ध्याला लागून नालवाडीला होतं; तिथल्या मैदानात पडत-झडत तोल साधला तेवढा. ट्रेनिंगच्या मोठ्या बाईंनी शेवटी स्पष्टच सांगितलं, "सोमवारी स्वतःच्या सायकलवर केळझरला हजर व्हा. एवढी गावं पायी होत नाहीत. जमलं नाही तर ती जागा दुसरीला द्यावी लागेल."

जागा गेली की पुन्हा भावाचा कोपरा. धुरपताबाई दुकानात शिरली ती या धास्तीनं.

नवी कोरी सायकल तिच्या आवाक्यातली नव्हती. लहानूजींनी तीन जुन्या बाहेर काढल्या. पहिली दूधवाल्याची, डबल दांड्याची. लोखंड असं की बैल बसवा. पण त्या उंच दांड्यावरून पाय टाकायचा कसा? धुरपतेनं लुगड्याचा कासोटा आवळून पाय उचलला आणि सायकलसकट जुन्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसली. दुसरी एका वकिलाच्या पोराची, चाकं अशी नाजूक की तिच्यावर वाऱ्यानंच बसावं. तिसरी निळी, बायकांची, मधे दांडा नसलेली. धुरपता हिच्यावर सहज बसली आणि तिचा चेहरा फुलला.

"हे घ्या," लहानूजी म्हणाले. "फक्त मागच्या चाकाच्या तारा पाह्या लागतीन. आता तुमचं वजन..." आणि बिचारे अडले. परक्या बाईला वजन विचारायचं कसं? हातातल्या पान्याकडे बघत त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं. "दोन मण असन, नाई?"

"असन," धुरपता म्हणाली.

तिला चांगलं ठाऊक होतं की ती दोन मणांत मावत नाही. लहानूजींनाही डोळे होते. पण त्यांनी भीड म्हणून कमी सांगितलं, तिनं लाज म्हणून होकार दिला, आणि दोघांच्या सभ्यपणाचं ओझं त्या गरीब चाकावर पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपता सरावाला निघाली. नालवाडी मागं पडली. डिसेंबरचं कोवळं ऊन होतं, दोन्ही बाजूला तुरी उभ्या होत्या, आणि सायकल खरंच चालत होती. सहा वर्षांत पहिल्यांदा ती कोणाच्या मागं न चालता, कोणासाठी न थांबता जात होती. तिला मोठ्यानं गावंसं वाटलं. तेवढ्यात मागून 'टण्' आवाज आला. मग आणखी एक. मग चाक दारू प्यायल्यासारखं डुलायला लागलं आणि फ्रेमला घासून जागीच अडकलं.

मागचं चाक उचलत, ओढत ती परत फिरली. समोरून येणाऱ्या गाडीवाल्यानं विचारलंच, "काय बाई, सायकल तुमाले नेऊन राह्यली का तुमी सायकलले?" तिनं सायकल तशीच पुढं ओढली. बोलली असती तर रडू फुटलं असतं.

दुकानाशी पोचली तेव्हा लहानूजींनी चाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा चाकाकडे. "चुकी माही बी हाय," ते म्हणाले. "दूधवाल्याच्या सायकलच्या जाड तारा हिच्यात भरून देतो. पण कोणती तार, किती ताणाची, हे वजनावर हाय. पुन्हा अंदाज केला तर पुन्हा तुटन. बाई, खरं सांगजा."

"मलेच ठाऊक नाई," धुरपता म्हणाली. "मी कधी काट्यावर चढलीच नाई."

रस्त्यापलीकडे कापसाचा बाजार भरला होता. गाड्यांची रांग, कापसाचे ढीग आणि तिवईला टांगलेला मोठा काटा. धुरपतेनं तिकडे पाहिलं. मग पदर खोचला आणि रस्ता ओलांडून थेट मापाऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. रूपरावजी मापारी, तोंडानं फटकळ माणूस.

"भाऊजी, माहं वजन कराचं हाय."

आजूबाजूला खसखस पिकली. "रूपरावजी, काटा तुटन तुमचा!" एका शेतकऱ्यानं आवाज दिला.

"तू कापसाले पाणी मारून आणतं, थे तोलून नाई तुटला," रूपरावजी म्हणाले. आता हसू त्या शेतकऱ्यावर उलटलं. रूपरावजींनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पारडं पुसलं आणि म्हणाले, "बसा, बाई."

धुरपता साखळ्या धरून बसली आणि तिनं डोळे मिटून घेतले. मापारी मोजायला लागला की 'एक' कधी म्हणत नाही. पहिलं माप लक्ष्मीचं, त्याला 'लाभ' म्हणायचं, अशी रीत आहे. रूपरावजींनी वीस शेरांचं, म्हणजे अर्ध्या मणाचं, पहिलं वजन समोरच्या पारड्यात ठेवलं आणि रोजच्या खणखणीत आवाजात पुकारलं, "लाभ!"

आपल्या अंगाबद्दल धुरपतेनं आजवर पुष्कळ शब्द ऐकले होते. हा त्यात नव्हता. तिनं डोळे उघडले.

"दोन! तीन! चार!" झाले दोन मण, आणि पारडं हललंसुद्धा नाही. मागं कोणीतरी खाकरलं. "पाच!" आता पारडं जरासं हललं. रूपरावजींनी वर पाच शेरांचं वजन ठेवलं, काटा स्थिर होऊ दिला आणि ज्या सुरात दिवसभर कापूस पुकारत होते त्याच सुरात पुकारलं, "अडीच मण, पाच शेर!" आणि पुढच्या गाडीकडे वळले. त्यांच्या लेखी तो एक आकडा होता. धुरपतेला एकदम हलकं वाटलं. ज्याला ती उभा जन्म भ्याली, ते एवढंच होतं.

ती रस्त्याच्या मधेच थांबली आणि तिथूनच ओरडली, "लहानूजी! अडीच मण पाच शेर! आता ताणा तारा!" सगळा बाजार हसला, आणि तीही हसली.

सोमवारी सकाळी नालवाडीला तिच्या खोलीच्या दारात बैलगाडी उभी राहिली. सायकल मोडल्याची बातमी कोणीतरी गावी पोचवली होती. रामाजीदादा खाली उतरला. "चाल घरी," तो म्हणाला. "काऊन जिवाले तरास करून घेतं? मी हाय ना." त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

"दादा, माही पेटी तेवढी गाडीत टाक," धुरपता म्हणाली. "आन् केळझरले आणजो."

ती निळ्या सायकलवर बसली. मागचं चाक एकदा कुरकुरलं, मग सरळ झालं. दादा गाडी जुंपून मागोमाग निघाला, बहीण थकली तर बसवून घेऊ म्हणून. वाटेवरच्या सेलूपर्यंत ती त्याला लांबवर दिसत होती. चढावर उतरून हातात धरून नेत होती, उतारावर बसत होती. सेलूनंतर दिसेनाशी झाली.

दिवस कलता-कलता गाडी केळझरला पोचली. सेविकेसाठी घेतलेल्या एका खोलीपुढं सायकल टेकलेली होती. आत धुरपता घामानं ओल्या झालेल्या लुगड्यानं, लाल तोंडानं चूल पेटवत होती. हजेरी लागली होती. दादानं पेटी ओट्यावर ठेवली आणि दारातच घुटमळला. सहा वर्षं त्याच्या घरात तिनं असंच घुटमळून काढली होती, हे त्याला आत्ता, इथं उभं राहिल्यावर कळलं.

"बसू कुठं?" त्यानं विचारलं.

"कुठंबी बस, दादा," धुरपता म्हणाली. "माहं घर हाय."