हद्दीवरची मेंदी

मी मेंदी बोलतेय. माधवनगरच्या बाजूला गिरणीत काम करणाऱ्या कुतुबुद्दीनचाचांचं बैठं घर आहे, त्याच्या हद्दीवर माझं कुंपण. चाचांची अख्तरबी पाळण्यात होती, तेव्हा तिच्या आईनं, मेहरुनबीनं, माझ्या काड्या आणून लावल्या. "हिच्या लग्नाला घरची मेंदी पायजे," एवढंच म्हणाली होती. चाचांना मी दिसायची ती सायकल टेकवताना. सणावाराला आळीतल्या बायका मात्र ओंजळी भरभरून पानं न्यायच्या.

माझ्या पलीकडचा मोकळा प्लॉट विट्याकडच्या एका गलाईवाल्याचा. तो सोनं गाळायला कानपूरला, इकडं गवत पुरुषभर. चौसष्ट साली त्यातून फुरसं निघालं आणि शेजारच्या आक्काताईंच्या पायाजवळून सरपटत गेलं. त्यांनी पंचायतीत तक्रार केली. नियमच होता: जागेतलं रान मालकानं आठ दिवसांत काढायचं, नाहीतर दंड. शिपाई नोटीस घेऊन आला. मोकळ्या प्लॉटला ना दार ना भिंत, कागद लावायचा कुठं? त्यानं तो माझ्याच फांदीला बांधला.

अख्तरबीचं लग्न पंधरा दिवसांवर आलेलं. मायलेकी आमंत्रणं करायला कोरेगावला गेल्या होत्या. पाळी संपवून आलेल्या चाचांनी शिक्का पाहिला. सरळ माणूस, सरकारी कागद म्हटला की आधी हुकूम पाळायचा. वर प्लॉटचा नंबर होता, तो बघायचं त्यांना सुचलं नाही. कोयता आणला, वीतभर खुंट ठेवले आणि बाकी सगळं पेटवून दिलं. आठ दिवसांची मुदत होती हो, एक दिवस तरी थांबायचं.

धूर बघून आक्काताई धावत आल्या. "आवं कुतुबभाई, ह्ये काय केलंसा? म्या त्या गवताचं सांगितलं हुतं, तुमच्या मेंदीचं न्हाई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चाचा ओशाळले, पण म्हणाले, "असू दे. लग्नाची मेंदी नवऱ्याकडनं येतीच की. आमची रीतच हाय."

रीत खरी होती. म्हणून तर त्यांना चूक दिसेना.

मेहरुनबी परतली ती भांडली नाही. राखेपाशी उकिडवी बसून म्हणाली, "त्यांची मेंदी त्यांच्या घरची. माझ्या घरचं तिच्या हातावर काय जाणार हुतं, सांगा?"

सासरच्या मेंदीचे हात घेऊन अख्तरबी सोलापूरला गेली.

याला चार वर्षं झाली. पुढच्याच पावसाळ्यात मला फुटवे आले, पण तेव्हापासून चाचा मला कुणाला हात लावू देत नाहीत, मेहरुनबीलासुद्धा. पलीकडं आता घर झालंय, अंगण स्वच्छ आहे. रान उरलंय ते माझंच. निम्मी वाट मी अडवलीय. परवा फुरसं निघालं ते माझ्या बुडातून.

या खेपेला नोटीस चाचांच्या नावानं आली, हातात दिली. उद्या मुदत संपते. रोज ते कोयता घेऊन येतात, उभे राहतात आणि तसेच घरात जातात. मला त्यांचं फार वाईट वाटतं.

चाचा, कापा मला. मी पुन्हा फुटेन, माझा राग नाही. फक्त आधी मेहरुनबीला हाक मारा. तिच्या पदरात पानं पडू द्या, आणि मग कोयता चालवा.