पाणथळीतला एकटा पिवळा पक्षी

मित्रांनो, मी एक म्हातारा पक्षी आहे. डोकं, गळा आणि पोट पिवळंधमक, पाठ आणि पंख काळेभोर. अर्जेंटिनातल्या आमच्या माळावर मला पिवळा तोर्दो म्हणतात.

माझा जन्म एदेलमिराबाईंच्या कुरणालगतच्या पाणथळीत, काटेरी झुडपातल्या वाटीएवढ्या घरट्यात झाला. आजूबाजूला घरटीच घरटी. आम्ही एकटे कधी राहतच नाही. माळावर किडे टिपायला सगळा थवा उतरायचा आणि कुंपणाच्या खांबावर एक पांढरा टेहळ्या पक्षी बसायचा. ससाणा दिसून तो उडाला की आम्हीही उडालोच!

एका वसंतात बाईंच्या धाकट्या भावानं, फेर्मीननं, गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून सुकलेल्या पाणथळीला काडी लावली. हे काम हिवाळ्यात व्हायचं. त्या वर्षी उशीर झाला. घरट्यांत पिल्लं होती.

"अरे मेल्या, पिल्लं आहेत आत! विझव!" बाई धावत आल्या.

"आता कसं विझवू, ताई? वारा बघ ना!"

घरटी गेली. वाचलेले पक्षी उठले आणि दूर निघून गेले. माझा पंख होरपळला होता. मी जमिनीवरून त्यांना जाताना पाहत राहिलो.

बाईंनी मला टोपलीत ठेवलं, किडे भरवले. नवरा गेल्यापासून त्यांच्या घरात दुसरा आवाज नव्हता. सकाळी ‘माते’ नावाच्या पाल्याचा कडू चहा पिताना त्या माझ्याशी बोलायच्या. मी गप्प. मला गायला थवा लागतो.

एकदा फेर्मीन म्हणाला, "ताई, एक पक्षीवाला याला मागतोय. पिंजरा चांगला ऐसपैस आहे. नाहीतरी हा एकटाच."

"एकटा आहे म्हणून पिंजऱ्यात? मग आधी मला घाल!"

फेर्मीन मान खाली घालून निघून गेला.

नवी पिसं आल्यावर बाईंनी मला पाणथळीत सोडलं. पंख मात्र लांब उडायला साथ देईना. रोज मी वाळक्या काटकीवर बसून हाका मारायचो. उत्तर यायचं ते बेडकांचं.

पुढच्या वसंतात आकाशात ओळखीचा कलकलाट झाला. थवा! ते उतरले, माझ्याभोवती चरले. माद्यांनी झुडपं पाहिली. ती अजून गुडघ्याएवढीच होती, घरटी लपतील अशी नव्हती. दुपारी सगळे उडाले. मीही उडालो, निलगिरीच्या लागवडीपाशी दमलो आणि परत फिरलो.

कुंपणाशी बाई डोळे पुसत उभ्या होत्या. शेजारी फेर्मीन होता.

"पुढच्या वर्षी झुडपं वाढतील, ताई," तो हळूच म्हणाला. "मी गुरं दुसरीकडे वळवतो. इकडे काडी नाही लावणार."

मित्रांनो, मी पुढचा वसंत पाहीन की नाही, ठाऊक नाही. पण तुमच्याकडेही एखादं ओलं, गवताळ रान असेल. ते ओसाड आहे असं म्हणू नका. ते तसंच उभं राहू द्या. कुणीतरी लांबून उडत येत असेल, त्याला उतरायला जागा हवी.