मंचावरचे दोनच शब्द

मित्रांनो, आवाज जरा बारीक ठेवा. मी एका शाळेचा जुना मंच. सभागृहात उभं राहून माझं सगळं आयुष्य गेलं, आणि खरं सांगायचं तर मी फार दमलो आहे.

सुताराने जाड फळ्या ठोकून मला घडवलं. गुडघ्याएवढी उंची आणि एका वक्त्याला हातवारे करता येतील एवढी जागा. पहिल्या दिवशी सगळे म्हणाले, "काय भक्कम झालाय!" त्या कौतुकावर मी पुढची कितीतरी वर्षं काढली. "मी दोनच शब्द बोलणार आहे," असं म्हणत पाहुणे माझ्यावर चढायचे आणि मुलं पेंगायला लागली तरी उतरायचे नाहीत. मुद्दा सुचला नाही की पाय आपटायचे. टाळ्या त्यांना आणि कळा मला. झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्या माझी काळजी घ्यायच्या. माझा एक पाय डुगडुगू लागला तेव्हा त्यांनीच खाली पुठ्ठ्याची घडी सारली. त्यांचेही गुडघे कुरकुरायचे, म्हणून असेल.

मग सिमेंटचा नवा मंच झाला आणि मी मागच्या व्हरांड्यात, मोडक्या खुर्च्यांच्या शेजारी येऊन पडलो. तिथे खिडकीतून भाषेच्या बाईंचा वर्ग ऐकू यायचा. मावशी झाडत होत्या तेव्हा एकदा बाई म्हणाल्या, "मंच म्हणजे मुळात खाट, पलंग. मंचक हा त्याचाच भाऊ आणि मचाणही त्याच घरातलं. पुढे मानाने बसायच्या उंच जागेला मंच म्हणू लागले, आणि मग लोक तिथे उभे राहून बोलू लागले."

"झोपायचं सोडून बोलायला का लागले, बाई?" एका मुलीने विचारलं.

"हौस, दुसरं काय!"

वर्ग हसला. मला मात्र रडू आलं. नावातच विसावा असून तो माझ्या वाट्याला कधी आला नव्हता.

थोड्याच दिवसांत मोठे सर व्हरांड्यात आले. "फोडून टाका हा. उगाच जागा अडवून बसलाय." शिपाई कुऱ्हाड घेऊन आला. तेवढ्यात मावशी हातातला झाडू टाकून पुढे आल्या.

"सर, मी नेऊ का घरी? आमची जमीन ओली असते. डॉक्टर म्हणाले, खाली झोपून उठबस करत राहिलात तर गुडघे कायमचे जातील. मग काम कसं करू?"

"अहो, मंच आहे तो! त्यावर झोपणार?"

"बाईच म्हणत होत्या, आधी तो पलंगच होता."

सरांनी खिडकीतून वर्गात पाहिलं. बाईंनी हसून मान डोलावली.

"न्या मग," सर म्हणाले. शिपायाने कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि मला एका बाजूने उचललं.

त्या दुपारी मावशींनी मला ओल्या फडक्याने पुसलं, वर अंथरूण घातलं आणि हळूच पाठ टेकली.

"बरं वाटलं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझ्यावर येऊन खरोखर दोनच शब्द बोललेलं हे पहिलं माणूस. जुनं काही फोडायच्या आधी जवळच्या दमलेल्या माणसाला एकदा विचारत जा. आणि आता पाय न वाजवता घरी जा. मावशी झोपल्या आहेत, आणि मीही.